‘प्रेस’मधील ‘रिव्हर्सिबल’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: पोस्टीरियर रिव्हर्सिबल एन्सेफॅलोपॅथी सिंड्रोम, म्हणजे तातडीच्या विभागात ज्याला ‘प्रेस’ म्हणतात (चढलेला रक्तदाब, बाळंतपण किंवा काही औषधे यांमुळे मेंदूला सूज येऊन डोकेदुखी, आकडी, दृष्टी जाणे), त्याला ‘पश्च उलटणारा मस्तिष्कविकार’ म्हटले तर चालेल का?

उत्तर: ‘उलटणारा’ मुळीच चालणार नाही. मराठीत आजार उलटला म्हणजे बरा होत आलेला आजार पुन्हा बळावला. बाळंतिणीच्या आईला असे सांगितले तर तिचा धीरच सुटेल. ‘व्युत्क्रमी’ रसायनशास्त्रात शोभतो, नातेवाइकांना त्यातून काही कळत नाही. मी ‘पूर्ववत होऊ शकणारा’ म्हणेन, आणि त्यातले ‘होऊ शकणारा’ कोणालाही गाळू देणार नाही. १९९६ मध्ये हिंची आणि सहकाऱ्यांनी १५ रुग्णांवरून हे लक्षणचित्र मांडले तेव्हापासून हे विशेषण नावात आहे. परंतु रक्तदाब चढलेलाच राहिला, आकडी थांबली नाही किंवा कारणीभूत औषध चालूच राहिले, तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो आणि कायमची हानी उरते. ‘पश्च’ही सैलच समजावा, कारण सूज बहुधा मेंदूच्या मागच्या भागात असली तरी ती पुढच्या भागात किंवा मस्तिष्कस्तंभातही आढळते.

प्रश्न: रुग्ण आणि नातेवाईक जे शब्द वापरतात, त्यांचे काय?

उत्तर: खरी अडचण तिथेच आहे. ‘डोळ्यांपुढे अंधारी आली’ हे वाक्य आपण अशक्तपणाच्या खाती टाकतो. म्हणून पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे: अंधारी येऊन गेली, की अजूनही दिसत नाही? प्रसूतीनंतर डोके ठणकत असलेल्या बाईच्या बाहुल्या टॉर्चच्या उजेडात नीट आकसतात, पण समोर धरलेली बोटे तिला मोजता येत नाहीत. डोळा शाबूत असतो, पाहणारा मेंदू सुजलेला असतो. ‘झटका’ हा शब्दही निसरडा आहे, कारण तो हृदयविकाराला आणि अर्धांगवायूलाही लावतात. नोंदीत ‘आकडी’ लिहावे आणि ती किती वेळ टिकली हेही लिहावे. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्यांना टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत का, हे विचारावे, कारण त्यांमुळेही ‘प्रेस’ होऊ शकतो आणि काही रुग्णांत रक्तदाब फारसा वाढलेला नसतो.

प्रश्न: उपचाराच्या संदर्भात ‘रक्तदाब पाडणे’ रूढ आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर: मला ते धोक्याचे वाटते, ‘उतरवणे’ म्हणावे. सरासरी रक्तदाब पहिल्या काही तासांत साधारण २० ते २५ टक्के, तोही लॅबेटॅलॉलसारख्या शिरेतून देण्याच्या औषधाने आणि सतत मोजत उतरवायचा असतो. एकदम खाली आणल्यास मेंदूचा रक्तपुरवठाच तुटपुंजा होतो. आकडी चालू असेल तर आधी श्वासमार्ग सांभाळावा, रक्तातील साखर पाहावी आणि आकडी थांबवणारे लोराझेपाम द्यावे. गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीला आकडी आल्यास मॅग्नेशियम सल्फेट हेच मुख्य औषध आहे. ते देताना गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वासाचा वेग आणि लघवीचे प्रमाण तपासत राहावे आणि मॅग्नेशियम जास्त झाल्यास उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवावे. सीटी स्कॅन ‘नॉर्मल’ आला म्हणजे ‘काही नाही’ असे भाषांतर करू नये. ही सूज एमआरआयमध्ये अधिक स्पष्ट दिसते, मात्र एमआरआयची वाट पाहत उपचार थांबवू नयेत.