मूल्यसाखळी विश्लेषण: खर्च कळतो की नुसता तक्ता भरतो?
(जमाखर्च, उलटतपासणी आणि बिनगिअर या टोपणनावांच्या तिघांची चर्चा)

जमाखर्च
नफा-तोटा पत्रक शीर्षांनुसार चालतं: पगार, वीज, वाहतूक, घसारा. पैसा कशावर गेला ते कळतं, कोणत्या कामासाठी गेला ते नाही. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टर यांनी १९८५ मध्ये मांडलेली मूल्यसाखळी, म्हणजे धंद्याची नऊ कामांत केलेली फोड, इथे कामी येते. आवक, उत्पादन, जावक, विपणन-विक्री आणि विक्रीपश्चात सेवा ही मुख्य कामं; खरेदी, तंत्रज्ञान, मनुष्यबळ आणि प्रशासनाचा डोलारा ही पूरक. तोच खर्च या कामांवर मांडायचा आणि प्रत्येक काम कशामुळे महागतं ते शोधायचं.

खरी मेख कामांमधल्या दुव्यांत असते. खरेदी विभाग कास्टिंग (साच्यात ओतलेले धातूचे भाग) ३ टक्के स्वस्त मिळवतो आणि शाबासकी घेतो. पण त्यात पोकळ्या जास्त. त्या मशीनिंग झाल्यावरच उघड्या पडतात, म्हणजे तोवरची मजुरी, टूलची झीज, मशीनचा वेळ सगळं स्क्रॅपमध्ये. बचत खरेदीच्या नावावर, नुकसान उत्पादनाच्या आणि वॉरंटीच्या. शीर्षनिहाय हिशेबात हे आकडे शेजारी येतच नाहीत.

उलटतपासणी
असहमत. यातलं बरंच काम अ‍ॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग (खर्च आधी कामांवर आणि मग वापरानुसार वस्तूंवर टाकायची पद्धत) करतं. सेटअपला, म्हणजे बॅचआधी मशीन तयार करायला, ९० मिनिटं लागत असतील तर ५० नगांच्या बॅचमध्ये नगामागे १.८ मिनिटं, १,००० नगांच्या बॅचमध्ये ०.०९. सेटअपचा खर्च सरसकट मशीन-तासांवर वाटला की हा वीसपट फरक गायब. तो शोधायला मूल्यसाखळीचे नऊ चौकोन कशाला? आणि 'मूल्य' कुठे मोजता? ग्राहक किंमत अख्ख्या वस्तूची देतो. तिच्यातली इतकी पॅकिंगची, इतकी सेवेची, ही धूळफेक आहे.

जमाखर्च
मूल्य कामांवर वाटायचं नसतंच; ते ग्राहकाच्या साखळीत मोजायचं असतं. डिलिव्हरी १० दिवसांवरून ३ वर आणली आणि ग्राहक रोज २०० नग वापरत असेल, तर त्याचा १,४०० नगांचा साठा मोकळा होतो. गुणिले नगाची किंमत, गुणिले साठवणुकीचा वार्षिक दर, ही त्याची वर्षाची बचत. त्यातला किती हिस्सा आपल्या किमतीत मागायचा ती वाटाघाट. तुमचं कॉस्टिंग सहसा कारखान्याच्या फाटकाशी थांबतं.

उलटतपासणी
१,४०० हा कागदावरचा आकडा झाला. ३ दिवस सांगून माल कधी २ तर कधी ९ दिवसांत पोचत असेल, तर ग्राहक साठा ९ दिवसांच्या हिशेबानेच ठेवणार. सरासरी नको, डिलिव्हरीच्या प्रत्यक्ष तारखा काढा.

जमाखर्च
हे मान्य. जावक विभागाकडे त्या तारखा असतात, विचारत कुणी नाही.

बिनगिअर
दोघांनीही रिकामी क्षमता सोडली. समजा विभागाचा महिन्याचा खर्च ८०,००० रुपये, क्षमता ८०० तास, वापर ६००. वापरलेल्या तासांनी भागलं तर तासाचा दर १३३, क्षमतेने भागलं तर १००. १३३ धरून भाव वाढवले, ऑर्डरी गळाल्या, वापर ५०० वर आला की दर १६०. मग पुन्हा भाववाढ! पडून राहिलेल्या तासांचा खर्च वस्तूच्या माथी मारू नका, वेगळ्या ओळीत दाखवा.

दुसरं, तपासणीचे १०० तास वाचले म्हणजे पैसे वाचले असं नाही. ती माणसं दुसऱ्या कामाला लागेपर्यंत पगार तेवढाच.

उलटतपासणी
शिवाय बँकेत 'आवक माल' कुठला? ठेवीदार आणि कर्जदार दोघंही ग्राहकच. स्टाबेल आणि फ्येल्डस्टाड या व्यवस्थापन अभ्यासकांनी १९९८ मध्ये साखळीच्या जोडीला दोन वेगळे आराखडे दिले ते याचसाठी: सल्लागारासारख्या प्रश्न सोडवणाऱ्या कामाला एक, बँकेसारख्या जोडणी करणाऱ्या धंद्याला दुसरा.

जमाखर्च
बँकेपुरतं बरोबर. कारखान्यात मात्र आधी एकच वस्तू घ्या आणि पंधरा-वीस कामांच्या वर जाऊ नका. वेळेचे आकडे साहेबांच्या अंदाजाने नकोत, जॉब कार्डवरून (प्रत्येक कामाला लागलेल्या वेळेच्या नोंदीवरून) घ्या. आणि रिवर्कला (सदोष नग पुन्हा दुरुस्त करण्याला) स्वतंत्र ओळ द्या, नाहीतर ते 'उत्पादना'त बेमालूम मिसळून जातं.