मुलं उत्तर बरोबर लिहितात, पण त्यांना खरंच काय वाटतं ते कसं कळेल? (आठवी, विज्ञान) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी देवगड तालुक्यात खाडीकाठच्या एका शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. आठवीत ३४ मुलं आहेत. निम्म्या घरांत हापूसची कलमं, बाकीच्यांकडे होडी नाहीतर जाळी.

जूनमध्ये उजळणी म्हणून फळ्यावर प्रश्न लिहिला, ‘झाड आपलं अन्न कसं तयार करतं ते स्वतःच्या शब्दांत लिहा.’ जवळजवळ सगळ्या कागदांवर एकच वाक्य आलं: हरितद्रव्य, सूर्यप्रकाश, पाणी, कार्बन डायऑक्साइड. पुस्तकातले शब्द थोडे मागेपुढे केले की मुलांच्या लेखी ते ‘स्वतःचे शब्द’ होतात. मीही समाधानाने सगळ्यांना बरोबरची खूण दिली.

त्याच आठवड्यात शाळेच्या वरच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) कलमं लावायचं काम चालू होतं. आमच्याकडे कातळ फोडून खड्डे मारतात, बाहेरून माती आणून भरतात आणि त्यात कलम लावतात. मधल्या सुट्टीत एक मुलगा ते बघत माझ्याशेजारी उभा होता. म्हणाला, “बाई, खड्डा लहान मारला तर कलम मोठं होणारच नाही. एवढीशी माती खाऊन ते किती वाढणार?” या मुलाने कागदावर अख्खं समीकरण बाणासकट अचूक लिहिलं होतं.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पंधरा वर्षं मी शिकवतेय. किती जणांना अशी बरोबरची खूण देऊन पुढे पाठवलं असेल?

दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलला. ‘आपल्या सड्यावर कातळातल्या खड्ड्यात माती भरून बोटाएवढं कलम लावलं. तीस वर्षांनी ते झाड तोडलं तर टेम्पोभर लाकूड निघतं. एवढं लाकूड आलं कुठून? खड्ड्यातल्या मातीचं काय झालं असेल? तुला जे वाटतं ते लिही. मार्क नाहीत.’

या वेळचे कागद मी पुन्हा पुन्हा वाचतेय. बहुतेकांनी माती आणि खत लिहिलं, आणि कारणही दिलं: ‘म्हणून तर बाबा दर पावसाळ्यात आळं करून शेणखत घालतात.’ एकाने लिहिलं, ‘माती संपली असेल, मग मुळं कातळ खायला लागली.’ काहींनी पाणी म्हटलं. आणि एरवी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने दोनच ओळी लिहिल्या:

‘माका वाटता झाड हवा खाता. पण हवेक वजन खय आसा?’

तिची अडचण प्रकाशसंश्लेषणात नाहीच. हवा म्हणजे काहीच नाही असं वाटत असेल तर त्या काहीच नाहीतून लाकूड कसं होईल? बाण, समीकरण सगळं शिकवून झालं आणि मुळातली गाठ मला दिसलीच नव्हती.

आता मी अडले आहे. असे प्रश्न दर धड्याला तयार करायचे तर ते लिहायचे कसे? हा मला योगायोगाने सुचला. दुसरं, ३४ कागद वाचल्यावर पुढे काय करायचं? चूक तशीच ठेवली तर वह्या तपासणीत ‘न तपासलेलं’ म्हणून शेरा येतो (आलाय), आणि लाल पेन चालवलं तर पुढच्या वेळी मुलं परत पुस्तकातलंच लिहितील. शिवाय मालवणीत लिहिलेलं चालवून घ्यावं का? सहकारी म्हणतात, भाषा बिघडेल. हे केलेलं कोणी असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

बाई, मालवणीत लिहूद्यात! परीक्षेत प्रमाण भाषा लागते ते ठीक, पण हा कागद परीक्षेचा नाही. त्या मुलीला ‘हवेला वस्तुमान असते का’ असं लिहायला लावलं असतं तर तिने ते लिहिलंच नसतं. विचार ज्या भाषेत येतो त्याच भाषेत तो कागदावर उतरतो.

प्रतिसाद २

मी रत्नागिरीकडचा, निवृत्त शिक्षक. प्रश्न कसे लिहायचे त्याबद्दल माझा अनुभव सांगतो. ‘म्हणजे काय’, ‘कारणे द्या’, ‘व्याख्या लिहा’ हे शब्द दिसले की मूल पाठांतराच्या कपाटाकडे धावतं. त्यामुळे प्रश्नात धड्यातला एकही जड शब्द येऊ द्यायचा नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नात ‘अन्न’ नाही, ‘प्रकाश’ नाही, फक्त खड्डा, माती, लाकूड आहे. म्हणून तो चालला.

दुसरी एक पद्धत मला फार उपयोगी पडली. तिघांचं बोलणं लिहायचं. एक म्हणते लाकूड मातीतून आलं, दुसरा म्हणतो पाण्यातून, तिसरी म्हणते हवेतून. तुला कोणाचं पटतं, आणि बाकीच्या दोघांना तू काय सांगशील? चुकीची मतं बनवायची नाहीत, आधीच्या वर्षीच्या मुलांच्या कागदांतूनच घ्यायची. आपल्यासारखंच कोणीतरी म्हणतंय हे दिसलं की लाजरी मुलंही लिहितात.

कागदांवर पेन चालवू नका. वाचून तीन-चार गठ्ठे करा, कोण कसं विचार करतंय त्याप्रमाणे. पुढचा तास त्या गठ्ठ्यांवरून ठरवा. धडा संपला की तोच कागद परत द्या आणि जुन्या उत्तराखाली वेगळ्या शाईने लिहायला सांगा: ‘आधी मला वाटायचं… आता वाटतं… कारण…’ वह्या तपासणाऱ्यांना हे दाखवलं की शेरा येत नाही. मूल कुठून कुठे आलं ते तिथेच दिसतं.

प्रतिसाद ३

तुमच्या मुलांना सतराव्या शतकातल्या व्हान हेल्मॉन्ट या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगा. त्याने कुंडीत २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो, वाळवलेली माती घेतली आणि ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं. ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं, आणि माती पुन्हा वाळवून तोलली तर घट जेमतेम २ औंस, म्हणजे ५०-६० ग्रॅम. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की लाकूड पाण्यापासून बनतं. हे त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झालं. गंमत बघा, ‘गॅस’ हा शब्द त्यानेच दिला, कोळसा जाळून निघणाऱ्या वायूवरही (म्हणजे कार्बन डायऑक्साइडवर) त्यानेच लिहिलं, आणि झाडाच्या बाबतीत तोच वायू त्याच्या ध्यानात आला नाही. तुमच्या वर्गात ‘पाणी’ लिहिणारी मुलं चांगल्या संगतीत आहेत.

मातीचा वाटा किती, ते चुलीत दिसतं. सुकं लाकूड जाळून उरणारी राख म्हणजे मुळांनी जमिनीतून घेतलेली खनिजं. लाकडाच्या शेकडा एक-दोन भागच असते ती.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते लिहिते.

राखेचा प्रयोग लगेच केला. आंब्याची सुकी फाटी २ किलो तोलून पत्र्याच्या डब्यात जाळली. राख भरली ३५ ग्रॅम. घरच्या न्हाणीच्या चुलीतली राख सगळेच काढतात, पण लाकडाशेजारी राख ठेवून कोणी बघितलं नव्हतं. मातीच्या गठ्ठ्यातली मुलं एकदम शांत झाली. एकाने विचारलं, “मग खत कशाला घालतात?” चांगला प्रश्न आहे. त्या ३५ ग्रॅमसाठीच, थोडं लागतं पण त्याशिवाय चालत नाही, असं सांगितलं.

मग हवेचं वजन. फुटबॉल जेमतेम गोल राहील इतपत हवा ठेवून डिजिटल काट्यावर तोलला, पंपाने घट्ट भरला आणि परत तोलला. ५ ग्रॅम वाढले. नंतर वर्ग मोजला, २० फूट बाय २० फूट, उंची १० फूट. लिटरला सव्वा ग्रॅमच्या जरा खाली धरलं तर आमच्या वर्गात १३० किलोच्या आसपास हवा निघाली. मात्र झाड घेतं तो कार्बन डायऑक्साइड तिच्यात जेमतेम ८० ग्रॅम, हेही सांगितलं, कारण नाहीतर मी दुसरा गैरसमज पेरला असता. त्यावर पंखा दाखवून एकजण म्हणाला, “पण वारा सारखा नवीन हवा आणतो ना.”

जुने कागद परत दिले. त्या मुलीने निळ्या शाईने खाली लिहिलं: ‘हवेक वजन आसा. आमी बघलंव. पण फाटी जळली तेव्हा बाकीचा लाकूड खय गेला? परत हवेत?’ हे मी शिकवलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात खारे (समुद्राकडून येणारे) आणि मतलई (जमिनीकडून जाणारे) वारे आहेत. प्रश्न असा लिहिलाय, जड शब्द टाळून: ‘पहाटे होडी बाहेर काढताना वारा पाठीवर असतो आणि दुपारी परत येतानाही पाठीवरच. पाऊस नसलेल्या दिवसांत असं का होत असेल? वारा कुठून निघतो, कुठे जातो, ते चित्र काढून लिही.’ ‘पाठीवर’ म्हटल्याने उत्तर आधीच फुटतंय का? की कुठल्या दिशेने लागतो तेही मुलांनाच आठवून लिहू द्यावं? होडीवाल्या घरांतली मुलं विरुद्ध बाकीची, असा भेद नको आहे, म्हणून अडले आहे.