नवं घर, मागचं रान : तुमचे अनुभव सांगा

गेल्या दिवाळीनंतर संगमेश्वर तालुक्यात घर घेतलं. चिऱ्याचं, कौलारू, पडवीच्या वाशांना वाळवी. सोबत पावणेदोन एकर रान. खरेदीच्या वेळी मालक म्हणाला, "मागे काय नाय, नुसती झाडी आहे." त्या नुसत्या झाडीत महिन्याभरात निघाले कमरेएवढे दोन दगडी गडगे, जात्याची एक तळी, घाणेरीने गिळलेलं तुळशीवृंदावन आणि एक विहीर.

विहीर मला सापडली असं म्हणवत नाही, मीच तिला सापडायच्या बेतात होतो. छातीएवढ्या रानमोडीतून काठी टेकत चाललो होतो. एका जागी काठी टेकलीच नाही. तोल सावरून मागे बसलो, मग पाला बाजूला केला. चिऱ्यांनी बांधलेलं तोंड, कठडा नाही, आतल्या भेगेतून वर आलेलं उंबराचं रोप आणि तीनेक पुरुष खोलीवर काळं पाणी. "पाण्याची सोय नाही" म्हणून मालकाने भाव थोडा उतरवला होता, हे आठवून त्या अवस्थेतही हसू आलं.

त्या दिवसापासून कोयता भिंतीला टांगलाय. एक पावसाळा आणि एक शिमगा बघितल्याशिवाय काही तोडायचं नाही. बायको म्हणते, आळसाला गोंडस नाव दिलंत. तुमचं काय झालं ते सांगा.

मेढीवाला
मी पहिल्याच आठवड्यात कोयता काढला. कुंपणाला मेढी हव्या होत्या. मोठ्या पानांची, सरळ वाढलेली चार झाडं दिसली, पाडली. सालीतून निघालेला रस हातावर काळा पडत गेला, तो मी लुंगीला पुसला. दुसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत फोड. लुंगीचं पुढे काय झालं ते लिहीत नाही. झाडं बिब्ब्याची होती. आजी पायाला काटा रुतला की बिब्ब्याचा चटका द्यायची, एवढीच आमची ओळख. दहा दिवस औषध चाललं. मेढी शेवटी सिमेंटच्या आणल्या.

सुरंगीचा शेजार
आमचं वेंगुर्ल्याकडे. मागच्या कोपऱ्यात एक काळपट, गच्च पानांचं झाड होतं. सावली फार पडते म्हणून काढायचंच ठरवलं होतं. फेब्रुवारीत एका पहाटे मधमाश्यांच्या घोंघावण्याने जाग आली, बाहेर आले तर सगळं अंगण वासाने भरलेलं. फांद्यांना, खोडाजवळच्या जाड भागालासुद्धा कळ्या चिकटलेल्या. शेजारच्या काकी परडी घेऊन हजर : "कळे उमलूच्या आदी काढूक व्हये." सुरंगी! तिचे वळेसर, म्हणजे गजरे, इतकी वर्षं विकत घेतले, झाड ओळखता आलं नाही.

सत्तरीकर
आमची चूक वारुळाची. घरामागे छातीइतकं वारूळ. साप येतील म्हणून मे महिन्यात पहारीने फोडून सपाट केलं. जुलैत शेजारीण टोपली घेऊन आली, सपाट जागा बघून नुसती उभी राहिली. दरवर्षी तिथे अळमी यायची. वाळवी जमिनीत बुरशीची शेती करते, त्याच बुरशीची ही छत्री. वारूळ गेलं की तीही गेली. पणजीच्या बाजारात एका जुडग्याला किती मोजावे लागतात ते ठाऊक असेलच. साप मात्र येतात ते येतातच.

कागदवाला
रानात शिरण्याआधी सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात शिरा. १९७५ च्या खाजगी वन कायद्याचा शेरा तिथे निघाला तर जमीन तुमची समजण्याआधी वकील गाठा. आणि स्वतःच्या रानातला आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ तोडायलाही परवानगी लागते, १९६४ चा कायदा आहे. मेढीवाले वाचले, बिब्बा त्या यादीत नाही.

दोडामार्ग
जानेवारी ते मे रानातून आलात की कपडे उकळत्या पाण्यात आणि अंगावर गोचीड बघा, काखेत, गुडघ्यामागे. आमच्याकडे २०१६ मध्ये गोचिडीतून पसरणारा माकडताप आला, माणसं गेली. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं. चिऱ्याच्या ढिगात उघडा हात नको, फुरसं मातीच्याच रंगाचं असतं. बाकी मजा करा.

तारेचं कुंपण
राजापूर. नोव्हेंबरात तार ओढली, शिमग्यात पालखी दारात. पालखीची वाट आमच्या फणसाखालून! कोणी भांडलं नाही. चौघांनी तार पायाने दाबली, पालखी गेली, मानाचा नारळ हातात देऊन गेले. दुसऱ्या दिवशी मीच तिथे बेडं, म्हणजे आडव्या वाशांचं फाटक, केलं.

गडगा, मॅसॅच्युसेट्स
गडगे वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या सहा एकरांत मेपल आणि ओकच्या दाट जंगलातून दगडी बांध जातात, कुठूनही कुठेही. आधी कळेना, जंगलात बांध कोण घालेल? तर एकोणिसाव्या शतकात इथे फारसं झाड नव्हतं, शेतं आणि मेंढ्यांची कुरणं होती. लोक पश्चिमेकडे आणि गिरण्यांकडे गेले, रान परत आलं. बिब्ब्याचा मावसभाऊही इथे आहे, पॉयझन आयव्ही, तीन-तीन पानांची. त्याचे फोड मीही मोजलेत. शिकारीच्या दिवसांत भडक नारिंगी जाकीट घालूनच मागे जातो.

(पुन्हा मीच)
काल खालच्या वाडीतल्या आजी आल्या होत्या. विहिरीशी नेलं. त्यांनी खडा टाकला, कान दिला, मान हलवली. "हाय अजून." मग पदराने तोंड पुसत विचारलं, वरच्या अंगाचा पायरी यंदा धरला का?

त्या अंगाला मला आंबाच दिसलेला नाही. सकाळी काठी घेऊन जातोय.