मदत हवी आहे: बोटॉक्सच्या ६४६१५ सोबत नर्व्ह ब्लॉकच्या ६४४०५ ला ५९ लावू का?

नमस्कार मंडळी. पुण्यात बसून रात्रपाळीत अमेरिकेतल्या एका न्यूरॉलॉजी क्लिनिकचं कोडिंग करते, म्हणजे उपचारांना बिलासाठी ठरलेले कोड लावते. डोकेदुखीच्या इंजेक्शनांचे चार्ट दोनच महिन्यांपूर्वी माझ्याकडे आले आणि एका मेडिकेअर (अमेरिकेतला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) क्लेमवर अडकले आहे.

रुग्णाला क्रॉनिक मायग्रेन आहे, महिन्यात १५ हून जास्त दिवस डोकं दुखतं. डॉक्टरांनी बोटॉक्स दिलं, ३१ जागी मिळून १५५ युनिट. त्याच भेटीत डोक्याच्या मागे दोन्ही बाजूंना ऑक्सिपिटल नर्व्ह ब्लॉकही (तिथली नस बधिर करणारं इंजेक्शन) दिला.

बोटॉक्सच्या टोचण्यांसाठी ६४६१५ एकदाच लावला. त्यात दोन्ही बाजू धरलेल्याच असतात, म्हणून दोन्ही बाजूंसाठीचा ५० मॉडिफायर (कोडला जोडायचं जादा चिन्ह) नाही. औषधाचा कोड जे०५८५, तो युनिटवर मोजतात. कुपी २०० ची, म्हणून १५५ ची एक ओळ आणि टाकून दिलेल्या ४५ ची जेडब्ल्यू (वाया गेलेल्या औषधाचा मॉडिफायर) लावून दुसरी. टाकून दिल्याची नोंद चार्टमध्ये आहे. इथवरचे पैसे आले. ब्लॉकचा ६४४०५ मात्र सीओ-९७ हा नकाराचा कोड लागून परत आला, म्हणजे त्याचे पैसे दुसऱ्या प्रोसिजरमध्येच धरले.

टीम लीड म्हणतात, ५९ (ही वेगळी, स्वतंत्र प्रोसिजर आहे असं सांगणारा मॉडिफायर) लाव आणि परत पाठव, दोन्हींचं निदान वेगळं आहेच. बोटॉक्सला क्रॉनिक मायग्रेनचा जी४३.७०९ आहे, ब्लॉकला ऑक्सिपिटल न्युराल्जियाचा (डोक्यामागच्या नसेच्या दुखण्याचा) एम५४.८१. पण माझा हात धजत नाही. ३१ पैकी ६ टोचण्या ऑक्सिपिटॅलिस स्नायूत आहेत आणि ब्लॉकही त्याच भागात. मग वेगळी जागा कोणत्या तोंडाने म्हणू? उलट, ब्लॉक खरोखर दिलेला आहे आणि डॉक्टरांच्या कामाचे पैसे बुडावेत असंही वाटत नाही. चार्टमध्ये ब्लॉकबद्दल जेमतेम एक ओळ आहे. निदान वेगळं असणं पुरतं का? नाही तर डॉक्टरांना नेमकं काय विचारू? कोणी अशा केस केल्या असतील तर कृपया सांगा.

प्रतिसाद १:
ताई, तुमची शंका बरोबर आहे. नुसतं निदान वेगळं म्हणून ५९ लावता येत नाही, मेडिकेअरच्या एनसीसीआय नियमांत (कोणते कोड एकत्र लावता येतात ते सांगणाऱ्या) हे स्पष्ट आहे. दुसरं, डॉक्टर स्वतःच्याच प्रोसिजरसाठी भूल म्हणून ब्लॉक देत असतील, तर त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत. म्हणून आधी ब्लॉक कशासाठी दिला ते कळायला हवं. टोचताना दुखू नये म्हणून, की नसेच्या दुखण्यावर उपचार म्हणून? डॉक्टरांना क्वेरी (चार्टमधल्या नोंदीबद्दल लेखी प्रश्न) पाठवा, पण उत्तर सुचवू नका. 'न्युराल्जियासाठी दिला ना?' असं विचारलंत तर त्या उत्तराला अर्थ उरत नाही. हेतू, कोणती नस, कुठे टोचलं, औषध कोणतं आणि किती, हे त्यांनी स्वतः लिहायचं आणि भर घातल्याची तारीखही टाकायची. त्यातून जागा वेगळी ठरली नाही, तर ती ओळ सोडून द्या. आणि सीओ म्हणजे ती रक्कम क्लिनिकने सोसायची, रुग्णाच्या बिलात जाता कामा नये. हे आजच तपासा.

धागाकर्ती:
मनापासून आभार. तपासलं, आणि रक्कम रुग्णाच्या खात्यावर गेलेलीच होती! ती काढायला लावली. क्वेरी 'ब्लॉक देण्याचा हेतू आणि जागा कृपया नोंदवा' एवढीच पाठवली आहे. उत्तर येईपर्यंत क्लेम थांबवून ठेवते, टीम लीडना तसं कळवलं आहे.