हलक्या डेडलिफ्टनंतरच कंबर का धरते? आणि कोणता स्नायू आठवड्यातून किती वेळा मारावा?

दांडा_नवशिका

दोन प्रश्न आहेत.

पहिला: डेडलिफ्टला (जमिनीवरचा रॉड उभं राहत उचलणं) ६० किलो (२०चा रॉड, दोन्हीकडे २०ची प्लेट) उचलले तर काही होत नाही. पण हलका दिवस म्हणून ४० किलोवर (दोन्हीकडे १०ची प्लेट) जास्त रेप्स (सलग उचलण्याची संख्या) मारल्या की दुसऱ्या दिवशी कंबर धरते. वजन कमी आणि त्रास जास्त, हे कसं?

दुसरा: आमच्या जिममध्ये सगळ्यांना एकच तक्ता मिळतो. सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक, बुधवारी शोल्डर, गुरुवारी हात, शुक्रवारी पाय. एका दिवशी एका स्नायूचे वीसेक सेट (सलग रेप्सची एक फेरी म्हणजे एक सेट), मग पुढच्या आठवड्यापर्यंत सुट्टी. कारण काय, तर स्नायू सावरायला सात दिवस लागतात. खरंच लागतात का?

वय ३४, वजन ७६ किलो, बैठं काम, जुनी दुखापत नाही. सोबत सपोर्ट द्यायला बहुतेक वेळा कोणी नसतं.

लोखंड_काका

पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्लेटच्या व्यासात आहे. प्रमाणित मोठी प्लेट ४५ सेंमी व्यासाची असते, म्हणजे रॉडचा मध्य जमिनीपासून २२.५ सेंमीवर. १०ची लोखंडी प्लेट ३० सेंमीची असेल तर रॉड १५ सेंमीवर येतो. हे जास्तीचे साडेसात सेंमी खाली जायचे कुठून? मांडीमागचे स्नायू आखडलेले असले (बैठ्या कामात अनेकदा असतात) की कुल्ल्याचा सांधा मध्येच थांबतो आणि उरलेलं अंतर कंबर गोल होऊन भरून काढते. त्यात रेप्स जास्त. कंबर वजनानं नाही, त्या वाकण्यानं धरतेय.

टेप घेऊन तुमच्या दोन्ही प्लेटा मोजा. छोट्या प्लेटखाली दोन्हीकडे सारख्या उंचीच्या रबरी मॅट किंवा आडव्या प्लेटा ठेवा, म्हणजे रॉड २२ सेंमीच्या आसपास येईल. रॅकच्या (रॉड ठेवायच्या उभ्या चौकटीच्या) खालच्या पिनांवर (आडव्या दांड्यांवर) रॉड ठेवून उचललं तरी चालतं.

आता उचलण्याचं. पाय कुल्ल्यांच्या रुंदीएवढे, रॉड पावलाच्या मधोमध, नडगीपासून दोन-तीन सेंमी लांब. कुल्ले मागे नेत खाली वाका, रॉड धरा. मग नडगी रॉडला टेकेल एवढेच गुडघे पुढे आणा. इथे रॉड हलवायचा नाही. बरेच जण खोल बसतात, गुडघ्यांनी रॉड पुढे ढकलतात आणि मग तो शरीरापासून लांबून ओढत बसतात. कुल्ले तिथेच ठेवून छाती वर काढा. पोटात श्वास भरा, कोणी बुक्की मारणार असल्यासारखं पोट कडक करा. झटका न देता रॉडला ताण द्या. रॉड प्लेटच्या भोकात वरच्या बाजूला टेकल्याचा 'टक्' ऐकू येतो. त्यानंतर पायांनी जमीन दाबायची. रॉड शेवटपर्यंत मांडीला घासत वर यायला हवा. वर पोचल्यावर मागे झुकून फोटो काढण्याची फॅशन आहे, ती सोडा. उतरवताना आधी कुल्ले मागे, रॉड गुडघ्यांखाली गेल्यावरच गुडघे वाकवा.

रॉड हलायच्या आधीच कुल्ले वर जात असतील तर तुम्ही सुरुवातीला फार खाली बसताय. आणि जाड उशीवाले रनिंग शूज काढा, सपाट कडक तळव्याचे घाला. एक तळहात पुढे, एक मागे अशी पकड घेत असाल तर कोपर अजिबात वाकवू नका. तळहात पुढे असलेल्या हाताचा बायसेप्सचा (दंडाच्या पुढच्या स्नायूचा) स्नायुबंध तुटतो तो असाच.

मोजपट्टी

दुसरा प्रश्न मी घेतो. सात दिवस लागत नाहीत. जड सेटनंतर स्नायूत नवी प्रथिनं बांधायचा वेग साधारण २४ ते ४८ तास वाढलेला असतो. म्हणजे सोमवारची छाती बुधवारपर्यंत कामात, पुढे रविवारपर्यंत नुसती बसून. शिवाय एका दिवसात वीस सेट मारले तर शेवटचे सात-आठ थकलेल्या अंगानं होतात. वजन कमी, फॉर्म ढिला, फायदा जवळपास नाही.

पण 'जास्त वेळा म्हणजे जास्त वाढ' असंही नाही. आठवड्याचे एकूण सेट सारखे ठेवले तर दोनदा की तीनदा यानं फार फरक पडत नाही. विभागणी एवढ्यासाठीच, की प्रत्येक सेट ताज्या अंगानं व्हावा. तुमच्यासाठी मोठ्या स्नायूला आठवड्याला ८ ते १० सेट पुरे. वर्षभरानं १२ ते १६ पर्यंत न्या. एका दिवशी एका स्नायूचे ६ ते ८ च्या वर नकोत. बेंचमध्ये (आडवं पडून रॉड छातीवरून वर ढकलणं) ट्रायसेप्स (दंडाच्या मागचा स्नायू) आणि रोइंगमध्ये (रॉड पोटाकडे ओढणं) बायसेप्स राबतात, ते सेट अर्धे धरा. खाली ३×५ म्हणजे ५ रेप्सचे ३ सेट.

सोमवार: स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन बैठक) ३×५, बेंच ३×६, रोइंग ३×८.
बुधवार: डेडलिफ्ट २×५, खांद्याचा प्रेस ३×६, लॅट पुलडाऊन (मशीनचा दांडा वरून छातीकडे ओढणं) ३×१०, पोटऱ्या ३×१२.
शुक्रवार: स्क्वॉट १०-१५ टक्के हलका ३×८, बेंच ३×८, रोमानियन डेडलिफ्ट (रॉड जमिनीवर न टेकवता कुल्ले मागे नेत वाकणं) ३×८, रोइंग ३×१०, शेवटी बायसेप्स-ट्रायसेप्स दोन-दोन सेट.

जमिनीवरून डेडलिफ्ट आठवड्यातून एकदाच, कारण कमरेचे स्नायू स्क्वॉटमध्ये आणि वाकून केलेल्या रोइंगमध्येही राबतात. पोटऱ्या, हात, खांद्याचा मागचा भाग तीनदाही सोसतात. प्रत्येक सेट अशा वेळी थांबवा की अजून एक-दोन रेप्स नीट झाल्या असत्या. मोठ्या व्यायामांत सेटमध्ये दोन-तीन मिनिटं थांबा. सगळ्या रेप्स नीट झाल्या तरच पुढच्या वेळी २.५ किलो वाढवा. बऱ्याच जिममध्ये सव्वा किलोच्या प्लेटा नसतात, स्वतःची जोडी पिशवीत ठेवा. एकदम ५ किलोच्या उड्यांनी बेंच आणि प्रेस लवकर अडकतात.

पोटऱ्या_कुठेत

मग तालमीतली पोरं रोज शेकड्यानं जोर-बैठका मारतात, त्यांचं काय? आणि ऑलिंपिकवाले वेटलिफ्टर जवळजवळ रोज स्क्वॉट करतात.

मोजपट्टी

जोर-बैठकांत वजन फक्त शरीराचं, त्यातून दमसास वाढतो. एका सेटला शंभर बैठका निघतात याचाच अर्थ प्रत्येक बैठक हलकी आहे. पाच रेप्समध्ये दम काढणारा स्क्वॉट रोज मारून बघा, आठवड्यात गुडघे सांगतील.

वेटलिफ्टरांचं वेगळं. स्नॅच (जमिनीवरून थेट डोक्यावर) आणि क्लीन-जर्कमध्ये (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) वजन वर गेलं की रबरी प्लेटांसकट रॉड सोडून देतात. वजन पेलत हळूहळू खाली आणताना स्नायू ताणाखाली लांब होतो, अंग मुख्यतः त्यानं दुखतं. या दोन प्रकारांत तो भाग फारसा नाही, म्हणून ते रोज जमतात. स्क्वॉटमध्ये तो भाग असतोच, पण तो रोज जमतो तो वर्षानुवर्षांच्या सवयीनं. तरी जड वजनाचा धोका त्यांनाही चुकत नाही. सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्य घेतलं, ते क्लीन-जर्कमध्ये कोपर दुखावलेलं असताना.

पिन_आधी

सपोर्ट नाही म्हणालात, त्याबद्दल कोणी बोललं नाही. डेडलिफ्टला रॉड सोडता येतो, बेंचला तो गळ्यावर येतो. रॅकमध्ये बेंच ठेवा आणि पिना अशा उंचीवर लावा की पाठीची कमान असताना रॉड छातीला टेकेल, पण कमान सोडून सपाट झोपलं की रॉड पिनांवर बसेल. आधी रिकाम्या रॉडवर तपासा. रॅक मोकळा नसेल तर बेंचला क्लिपा (प्लेट घसरू नये म्हणून लावायच्या) लावू नका. अडकलात तर रॉड एका बाजूला कलवून प्लेटा सांडता येतात. आवाज होईल, होऊ दे. अंगठा रॉडभोवती गुंडाळलेला हवाच. कोपरं धडापासून ४५ ते ७० अंशांत. ९० अंशांत उघडी ठेवली की खांदा पुढून दुखू लागतो.

स्क्वॉटला पिना तुमच्या सगळ्यात खालच्या स्थितीपेक्षा दोन-तीन सेंमी खाली. 'गुडघे बोटांपुढे जाऊ नयेत' हे ऐकून धड पुढे झुकवू नका, तो भार कमरेवर जातो. गुडघे पुढे गेले तरी चालतात, आत कोसळता कामा नयेत.

आणि व्यायाम झाल्यावर एकाच बाजूच्या सगळ्या प्लेटा काढू नका. दुसरी बाजू जड राहते आणि रॉड रॅकवरून उलटतो. एक इकडची, एक तिकडची.

दांडा_नवशिका

मोजलं. १०ची प्लेट २८ सेंमी, २०ची ४४. खाली मॅट घालून ४० किलो केलं तर खालीही पाठ सरळ राहतेय, मोबाइलवर शूट करून बघितलं. कमरेला बांधायचा पट्टा घ्यावा का?

लोखंड_काका

१६ सेंमीचा फरक व्यासात, म्हणजे उंचीत ८. तेवढ्या मॅट कायम घाला. शूट करताना मोबाइल बाजूनं आणि कुल्ल्याच्या उंचीवर ठेवा, खालून घेतलेल्या चित्रात पाठ सरळच दिसते.

पट्टा सध्या नको. पोटानं दाब धरायला पट्टा आधार देतो, पण तो दाब आधी पट्ट्याशिवाय धरता आला पाहिजे. स्वतःच्या वजनाच्या दीडपट, म्हणजे साधारण ११५ किलोपर्यंत गेलात की बघू. रक्तदाब किंवा हर्निया असेल तर श्वास रोखून जड उचलण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मणका_सरळ

थोडी भर. कमरेचा स्नायू दुखतो तो दोन्ही बाजूंना, बोथट, आणि दोन-तीन दिवसांत उतरतो. कळ कुल्ल्यातून गुडघ्याखाली जात असेल, पावलाला मुंग्या येत असतील किंवा पायाचा अंगठा वर उचलताना जोर कमी लागत असेल तर उचलणं बंद, अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. लघवी अडणं किंवा जांघेत, बैठकीच्या जागी बधिरपणा आला तर त्याच दिवशी रुग्णालय. मोठ्या खंडानंतर एकदम जोरात व्यायाम केल्यावर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तरीही तेच. तुटलेल्या स्नायूंतलं प्रथिन मूत्रपिंडात अडकतं. म्हणून सुट्टीनंतरचा पहिला आठवडा निम्म्या सेटनी.