निळूभाऊंचा एकच सिनेमा दाखवायचाय, कुठला?

झणझणीत_मिसळ: पुतणी सुट्टीत आली आहे, पुण्याबाहेर वाढलेली. निळू फुले म्हटलं की तिला फक्त ‘बाई, वाड्यावर या’चे मीम्स माहीत. रविवारी एकच सिनेमा लावणार आहे. ‘पिंजरा’ नको, आजीने तीनदा दाखवलाय.

मागचा_बाक: ‘सामना’ (1975). डोळे झाकून. तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट आहे, पण निळूभाऊ आवाज चढवतच नाहीत. दारुड्या मास्तरला (डॉ. लागू) घरी आणून खाऊपिऊ घालतात, त्याची गंमत बघतात. मग मास्तर विचारतो, मारुती कांबळेचं काय झालं? तिथून पुढे पुतणीला सांगा, फक्त हिंदुरावाचे डोळे बघ. माणूस तसाच बसलेला असतो आणि आतून एकेक वीट निखळत असते. आपण खलनायक बघतोय हे मध्येच विसरायला होतं.

तिसरी_घंटा: सामनाला +1. पण मूळ बघायचं तर ‘एक गाव बारा भानगडी’ (1968), पहिलाच सिनेमा, त्यातले झेलेअण्णा म्हणजे निळूभाऊ. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ हे लोकनाट्य गाजवून आलेला नट आहे, शब्द कुठे सोडायचा आणि कुठे गिळायचा हे वगात शिकलेला. त्याआधी हा माणूस पुण्यात लष्कराच्या मेडिकल कॉलेजात माळीकाम करायचा, राष्ट्र सेवा दलाचा कार्यकर्ता. आणि पडद्यावरचा खलनायक खरा मानून गावोगावच्या बाया शिव्या घालायच्या बिचाऱ्याला!

झणझणीत_मिसळ: कृष्णधवल चालेल का तिला? दहा मिनिटांत मोबाईल काढते.

मागचा_बाक: मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवा. सामनाला रंग नाहीत ते बरंच आहे.

लोकलची_खिडकी: अगदीच कुरकुरली तर ‘सारांश’ (1984) लावा, रंगीत आणि हिंदी. त्यातला गजानन चित्रे शहरातला पुढारी, वाडा नाही, फेटा नाही, तरी म्हाताऱ्या जोडप्याचं जगणं हराम करतो. पण खरी जोडी सामना आणि ‘सिंहासन’ (1979). तोच नट, तोच दिग्दर्शक, आणि इथे तो पत्रकार दिगू टिपणीस. सत्तेचे सगळे खेळ नुसता बघत राहतो, आणि शेवटी भर रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो. ते हसू वाड्यावरच्या हसण्याशेजारी ठेवून बघा.

झणझणीत_मिसळ: एकच म्हटलं होतं हो! बरं, सकाळी सामना. जेवण झाल्यावर ती स्वतःहून बसली, तर सिंहासन.