शाळेच्या पैशांमागे लागलात का कधी? ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

पाचपाखाडी, ठाणे (धागा माझाच)
मालमत्ता कराच्या बिलात 'शिक्षण कर' अशी एक ओळ असते. गेल्या वर्षी त्यावर बोट ठेवून मी काउंटरवर विचारलं, "हे पैसे आमच्या वॉर्डातल्या शाळेला मिळतात ना?" तिथल्या बाई हसल्या. तो कर राज्याचा, 1962 च्या कायद्याने आलेला. महापालिका फक्त गोळा करून पुढे भरते. इतकी वर्षं मी उगाच छाती फुगवून भरत होतो!

फेब्रुवारी-मार्चमध्ये आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, आपण पेपरात वाचून हळहळतो. तोवर आकडे ठरून गेलेले असतात. म्हणून डिसेंबरातच हा धागा. सरकारी, महापालिकेच्या शाळांना हक्काचे पैसे मिळावेत म्हणून काय केलंत, कुठे आपटलात, ते लिहा. शाळेचं आणि माणसांचं नाव नको.

कळव्याची आई
मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. पहिलं वर्षभर माझं काम एकच होतं, "ताई, इथे सही करा." मग एकीने सांगितलं की 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात समितीचे 75 टक्के सदस्य पालक हवेत, एकूण निम्म्या बायका हव्यात, आणि शाळेचा विकास आराखडा ही समितीच करते. पुढच्या बैठकीत मी सहीआधी इतिवृत्ताची वही मागितली. सर जरा चपापले. पण दिली.

वहीत समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला मिळणाऱ्या अनुदानाचा हिशोब होता. 101 ते 250 पटाला वर्षाला 50 हजार, त्यापुढे हजारापर्यंत 75 हजार. आमचा पट 247! म्हणजे चार मुलांसाठी 25 हजार अडलेले. आम्ही तिघी दोन रविवार खाडीकडच्या बांधकामांवर फिरलो. पत्र्याच्या खोल्यांत सात मुलं सापडली, एकही शाळेत जात नव्हतं. एका पोरीची आई म्हणाली, "दाखला नाही, घेतील का?" दाखला नसला तरी घ्यावंच लागतं, कायदाच आहे तसा. सातही मुलं आली, त्यातली सहा टिकली. पुढच्या वर्षी वरचा टप्पा लागला. हप्त्याहप्त्याने आले पैसे, पण आले.

या अनुदानातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. आम्ही सगळ्यात आधी मुलींच्या संडासाला कडी बसवली. तोवर एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेरून दार धरून उभी राहायची. सर म्हणाले, "मला कुणी सांगितलंच नाही." खरंच नसेल सांगितलं. पोरी काय सांगणार सरांना?

माहिती अधिकारवाला, वागळे इस्टेट
माझा पहिला अर्ज वाया गेला, चूक माझीच. "शाळांच्या दुरुस्तीवर पुरेसा खर्च का होत नाही?" असं विचारलं होतं. उत्तर आलं, अशी माहिती अभिलेखावर नाही. 'का'ला माहिती अधिकारात उत्तर नसतं, कागद मागावा लागतो.

दुसऱ्यांदा फक्त एक तक्ता मागितला: तीन वर्षं, शाळा दुरुस्तीचं लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातलं त्या खर्चाचं खातं), मूळ तरतूद, सुधारित तरतूद, प्रत्यक्ष खर्च. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावलं. मुदत 30 दिवसांची, कागद 28 व्या दिवशी हातात. (कुठल्या कचेरीतून, ते नाही सांगत.) मूळ आकडा झकास, त्याचीच बातमी होते. सुधारितमध्ये त्याला कात्री. आणि प्रत्यक्ष खर्च त्याहून खाली. तेव्हापासून "तरतूद वाढवा" असं मी म्हणतच नाही. "गेल्या वर्षीची का उरली?" एवढंच विचारतो. हे मात्र अर्जात नाही, समोर बसून.

ऐरोली
लोकशाही दिनाला, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या दिवशी गेलो होतो, महिन्याचा पहिला सोमवार. अर्ज परत. तिथे वैयक्तिक तक्रार लागते, सार्वजनिक नाही. माझ्या मुलीच्या वर्गाचं छत गळतं हे वैयक्तिक की सार्वजनिक, यावर मी आणि तो कारकून दहा मिनिटं वाद घालत होतो. शेवटी मुलीच्या नावाने नवा अर्ज लिहिला.

घोडबंदर रोड
आमच्या सोसायटीने जवळच्या शाळेला बारा पंखे दिले. एवढा खटाटोप कशाला? वर्गणी काढा, मोकळे व्हा.

निवृत्त शिक्षिका, वाशी
घोडबंदरवाले, रागावू नका. पंखे दिलेत, चांगलं केलंत. पण आता त्या शाळेच्या मागणीपत्रातून पंखे गेले, पुढच्या वेळी "देणगीतून होईल" असा शेरा येईल. द्यायचंच असेल तर सोबत एक पत्र जोडा की ही वस्तू तरतुदीतून यायला हवी होती.

मी 26 वर्षं पालिकेच्या शाळेत शिकवलं. लोक येऊन स्मार्ट बोर्ड मागायचे, शिपाई कुणी मागितला नाही. टाकी धुवायला, घंटा द्यायला, सहा वर्षांच्या पोराचं नाक पुसायला माणूस लागतो हो! आणि पैसे येतात कधी, तेही विचारत जा. फेब्रुवारीत आले तर मार्चअखेर संपवायचे म्हणून मिळेल ते घेतलं जातं. एका वर्षी आमच्याकडे ग्लोबच ग्लोब झाले होते. खडू मात्र मी पर्समधून आणायचे.

तुर्भे
मे 2020 नंतर नवी मुंबईत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. आम्ही पालक थेट आयुक्तांच्या नावाने निवेदन घेऊन बेलापूरला गेलो. आवक क्रमांकाची पोच घेतली आणि दर पंधरा दिवसांनी तोच क्रमांक सांगत राहिलो. संध्याकाळच्या सत्रासाठी दिवे हवे होते. आठव्या फेरीला मिळाले.

कळव्याची आई
वाशीच्या बाई, शिपायाचं लिहून घेतलं. मंगळवारी बैठक आहे. या वेळी आराखडा मीच लिहितेय, अक्षर वाईट आहे पण सर म्हणाले, चालेल. लेखाशीर्षाचा क्रमांक कुठे शोधायचा, तेवढं वागळेवाल्यांनी सोमवारपर्यंत सांगा.